सत्तेचाळीस नंबरचा धान

९ सप्टेंबर २०२५, मंगळवार

आज परत दिसल्या.

भरदुपारी. भादव्याचं ऊन, डोमाजींचं वावर, धानाच्या कडेला पाठमोऱ्या बसलेल्या. डोक्याला तो पोपटी स्कार्फ, पायात काळे गमबूट. मी 'ताई' म्हणायला तोंड उघडलं — आणि वळल्या त्या डोमाजींच्या सूनबाई! तण काढत होत्या. "काय झालं मॅडम? ऊन लागलं का?" म्हटलं, हो, ऊन.

ज्योत्स्नाताईंना जाऊन चार वर्षं झाली. मला माहीत आहे. तरी दर वेळी तोंड उघडतंच.

धान मात्र सुरेख आलाय. दर्यापूरच्या खालचा हा सगळा खारपाणपट्टा. जमीन काळीभोर, पण उन्हाळ्यात तिच्यावर मिठाची पांढरी साय धरते. विहिरीचं पाणी तोंडात घेववत नाही. डोमाजींच्या या खोलगट तुकड्यात दर वर्षी पाणी तुंबून कपाशी सडायची. तिथे आता कमरेएवढा धान उभा आहे. खालच्या पानांची टोकं करपलीत तेवढीच. वरचं नवं पान हिरवंगार.

डोमाजी सत्तरीचे, पण बांधावरून पोरासारखे उड्या मारत चालतात. "धान भंडाऱ्याले, गोंदियाले. इकडं कोनं लावते म्हनून लोक हासत होते मले. आता तेच लोक बांधावर येऊन पाहून रायले!" मग थांबून म्हणाले, "याचं नाव काय हाय मॅडम?"

"नाव नाही अजून. नंबर आहे. एक्केचाळीस."

सूनबाईंनी कॅनमधलं गोडं पाणी आणून दिलं. त्यांच्याकडे ते विकतचं असतं, पाहुण्यासाठी राखलेलं. मी दोन पेले प्यायले.

११ सप्टेंबर

कुलदीप सरांनी सगळ्यांना चहा मागवला. वाणाचा प्रस्ताव याच महिन्यात वर पाठवायचा. मग नाव, मग बियाणं शेतकऱ्यांना. सर एवढे खूश कधी पाहिले नव्हते. "वर्षाली, यात तुझे सात वर्षं आहेत." मी मान हलवली. चहा घेतला नाही. अॅसिडिटी म्हटलं.

१४ सप्टेंबर, रविवार

लिहूनच टाकते. कुठेतरी एकदा अक्षरात असू दे. प्रीतम त्याच्या आईला घेऊन अमरावतीला गेलाय, घरात कोणी नाही.

२०१८. मी प्रकल्पात नवी, तीन महिने झालेले. अकोल्याला आमच्या केंद्राच्या वाफ्यात धानाच्या साठ ओळी, साठ वाण, सगळ्यांना खारं पाणी. कोणाचं रोप मीठ सोसतं ते पाहायचं. दोनच वाणांवर सगळ्यांचा डोळा होता. एक्केचाळीस — कुलदीप सरांनी केलेला संकर. आणि सत्तेचाळीस — ज्योत्स्नाताईंचा. सहा वर्षं लागली होती त्यांना त्यात. ताई कंत्राटी होत्या. सत्तेचाळीस टिकला तर त्यांच्या प्रकल्पाला मुदतवाढ, नाहीतर मार्चमध्ये बंद. हे सगळ्यांना माहीत होतं. मलाही.

दोघांच्या ओळी शेजारी-शेजारी. एक नालीकडे, एक रस्त्याकडे.

२२ सप्टेंबर, शनिवार. सोमवारी बाहेरची मंडळी येऊन गुण देणार होती. आमचे गुण उलटे असतात — एक म्हणजे ठणठणीत, नऊ म्हणजे मेलं. दुपारी चारला वादळ आलं. अर्ध्या तासात सगळं आडवं! ताई अमरावतीला बैठकीला, सर रजेवर. मजुरांना मी घरी पाठवून दिलं, कारण विजा कडाडत होत्या. पाऊस थांबल्यावर एकटीच वाफ्यात उतरले. वाणांच्या नंबराच्या बऱ्याच पाट्या आपापल्या ओळीतच पडल्या होत्या, त्या उभ्या केल्या. या दोन मात्र वाहत जाऊन बांधाशी अडकलेल्या, एकमेकींना चिकटून. हातातल्या नकाशाचा लगदा झालेला. दुसरी प्रत ऑफिसात, ऑफिसला कुलूप. आणि रोपं चिखलात लोळलेली — मला तेव्हा सगळी रोपं सारखीच दिसत!

आठवून लावल्या. नालीकडे एक्केचाळीस, रस्त्याकडे सत्तेचाळीस. नालीकडची पाटी विटेने ठोकताना अंगठा ठेचला. वण अजून आहे. म्हणून तर पक्कं आठवतं की तिथे एक्केचाळीसच होती.

म्हटलं सोमवारी नकाशा काढून ताडून पाहू. रविवारी गणपती विसर्जन, सुट्टी. सोमवारी अंगठा सुजून फणफणून ताप. मी आठ दिवस अंथरुणात. गुण देणारे आले, पाट्या वाचल्या, आकडे लिहिले, गेले. मी परत गेले तेव्हा वाफा मोकळा झालेला. जगलेली रोपं कुंड्यांत लावून टाकलेली. मेलेली कुठे, कोणाला ठाऊक.

तक्ता टेबलावर होता. एक्केचाळीस — तीन. सत्तेचाळीस — नऊ.

नकाशाची दुसरी प्रत काढली. त्यात नालीकडे सत्तेचाळीस होता. रस्त्याकडे एक्केचाळीस. मी पाट्या उलट्या लावल्या होत्या.

म्हणजे जगला तो ताईंचा धान. मेला तो सरांचा. कागदावर मात्र उलटं.

तेव्हाच सांगायला हवं होतं. ताईंच्या खोलीच्या दारापर्यंत गेले होते. त्या तक्ताच पाहत होत्या. मान वर करून माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाल्या, "अंगठा कसा हाय आता?" डबा उघडला आणि अर्धी भाकर माझ्यापुढे केली. मी ती खाल्ली. सांगितलं नाही.

मार्चमध्ये प्रकल्प बंद. एक हंगाम आणखी द्या म्हणून ताईंनी अर्ज केला होता, वरून नकार आला. त्या मोर्शीला आईकडे गेल्या, तिथे कॉलेजात शिकवायला लागल्या. दुसऱ्या लाटेत, एप्रिल २०२१ मध्ये, गेल्या. कोणालाच जाता आलं नाही. मला तर जायचं तोंडच नव्हतं.

मी २०२० मध्ये कायम झाले. एक्केचाळीसच्या जोरावर.

आता तोच धान डोमाजींच्या वावरात उभा आहे. ताईंचा. दुसऱ्याच्या नंबराने.

१५ सप्टेंबर

काल लिहिलेलं सकाळी वाचलं. एवढंसंच दिसतं कागदावर.

१७ सप्टेंबर

फोनमध्ये ताईंचा नंबर अजून आहे. काढून टाकवत नाही. कंपनीने तो कोणाला तरी दिलाय. आज सहज उघडलं, तर 'ज्योत्स्नाताई' या नावाखाली एका जावळ न काढलेल्या बाळाचा फोटो. आणि खाली 'ऑनलाइन'.

फोन उलटा करून ठेवला. दहा मिनिटांनी परत पाहिलं. तेव्हाही ऑनलाइन होत्या.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

प्रस्तावासोबत बियाण्याच्या डीएनएचा अहवाल जोडावा लागतो. आता सक्तीचं आहे. शेतातला धान आणि थंड खोलीतली मूळ पुडी एकच आहे, हे प्रयोगशाळेकडून लिहून आणायचं. सर सहज म्हणाले, "मूळ पुडी काढून ठेव गं एक्केचाळीसची."

झालं. शेतातला धान मूळ एक्केचाळीसशी जुळणार नाही. कसा जुळेल!

भीती वाटायला हवी होती. वाटली पण. पण तिच्या खाली दुसरंही काहीतरी होतं — सुटकेसारखं.

२२ सप्टेंबर, सोमवार

सात वर्षं झाली बरोबर.

थंड खोलीत गेले. बाहेर घामाच्या धारा, आत चार अंश. एक्केचाळीसची पुडी काढली. तिच्या मागेच सत्तेचाळीसची. वर ताईंचं अक्षर — बारीक, उजवीकडे झुकलेलं, सातला मध्ये आडवी रेघ. 'खरीप २०१६. जपून.'

ही पुडी मी कधीही पेरून पाहू शकले असते. चार कुंड्या, वीस दाणे, खारं पाणी. महिन्यात समजलं असतं. सात वर्षांत एकदाही काढली नाही. खरं कळायची भीती नव्हती, ते मला ठाऊकच होतं. दुसऱ्या कोणाला कळायची होती.

तिथे उभी असताना मागे कोणीतरी आकडे पुटपुटल्यासारखं वाटलं. ताई गुण देताना असंच पुटपुटायच्या — तीन, तीन, पाच, नऊ. वाकून पानाकडे पाहायच्या आणि पाटी न वाचता सांगायच्या कोणता वाण आहे ते. मागे वळले. कॉम्प्रेसरचा आवाज होता. पण वळून पाहायला बराच वेळ लागला मला.

दोन्ही पुड्या घेऊन बाहेर आले.

२४ सप्टेंबर

चहाला प्रीतम म्हणाला, "तू झोपेत नंबर बोलतेस. काल किती वेळा नऊ म्हणालीस माहीत आहे?" मग हळूच, "कोणाचं काही वाईट झालंय का?" त्याला सांगितलं. पहिल्यांदा, सात वर्षांत! त्याने कप धुऊन ठेवला आणि म्हणाला, "आधी सरांना सांग. अहवाल यायच्या आत सांग. नंतर सांगणं म्हणजे पकडली जाणं."

२६ सप्टेंबर, शुक्रवार

सांगितलं.

सरांनी पेन खाली ठेवला. पंख्याने कागद उडत होते, ते धरले नाहीत.

"सात वर्षं?"

"हो सर."

"ज्योत्स्नाला माहीत होतं?"

"नाही. म्हणजे — मला नाही वाटत."

"तू काय म्हणून राहिली हे समजतंय का तुला? ज्याच्यावर मी भाषणं देत फिरलो, तो माझा धानच नाही!"

आवाज चढला तेव्हा बरं वाटलं. पण तो लगेच उतरला. ते खिडकीशी गेले. तिथून वाफे दिसतात. माझ्याकडे न पाहता म्हणाले, "तिनं अर्ज केला होता ना, एका हंगामासाठी. मी वर जोर लावू शकलो असतो. लावला नाही. वाटलं, आकडे तर स्पष्ट आहेत."

दोन्ही मूळ पुड्यांशी ताडून पाहायला नमुने पाठवायचं ठरलं. प्रस्ताव थांबवला. माझं काय, ते अहवालानंतर. चौकशी होईल म्हणाले. होऊ दे.

२ ऑक्टोबर, दसरा

आई-बाबा नागपूरला दीक्षाभूमीवर गेले. दर वर्षी मीही जाते. या वर्षी म्हटलं, आधी दुसरीकडे जायचंय.

५ ऑक्टोबर, रविवार

मोर्शी.

अमरावतीहून गाडी बदलली. शिरखेडच्या पुढे दोन्ही बाजूंनी संत्र्याच्या बागा लागल्या, फळं अजून हिरवी. बसमध्ये समोरच्या सीटवर बसलेल्या बाईंचा झोपेत कलंडलेला चेहरा पाहून मनात आलं — पाच. मी माणसांना गुण देते हल्ली. थांबवता येत नाही.

घर सापडलं. अंगणात रिकामे क्रेट रचलेले. दुर्गाबाई, ताईंच्या आई, ओट्यावर तूर पाखडत होत्या. पंच्याहत्तरीच्या असतील. ताईंचंच कपाळ!

"कोन वो?"

"मी वर्षाली. अकोल्याला ज्योत्स्नाताईंसोबत होते."

सूप थांबलं. "वर्शाली म्हंजे थे चिखलाले न भेनारी? सांगे ना ज्योत्स्ना तुह्यं! बस, बस. पानी घे."

पाणी तसंच ठेवलं. म्हटलं, आई, आधी ऐका. सगळं सांगितलं. वादळ, पाट्या, तक्ता, डब्यातली अर्धी भाकर. त्या पाखडलेल्या तुरीत बोटं फिरवत ऐकत होत्या. मी थांबले. रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला.

"म्हंजे माह्या लेकीचा धान मेला नाई?"

"नाही आई."

"जित्ता हाय?"

"दर्यापूरकडे एका शेतकऱ्याच्या वावरात आहे. खाऱ्या जमिनीत. एवढा उंच."

त्या उठल्या. गुडघ्यावर हात देऊन हळूहळू आत गेल्या. मला वाटलं आता दार लावून घेतील. मी चप्पल शोधायला लागले. तर पितळी ताट घेऊन बाहेर आल्या.

"आनला का संगं?"

मागच्या हंगामाचा मूठभर धान पिशवीत होता. ताटात ओतला. त्यांनी एकेक दाणा बोटाने बाजूला करून पाहिला. एक दातांखाली घेऊन फोडला.

"दवाखान्यातून फोन केल्ता तिनं," म्हणाल्या. "धाप लागे, बोलता ये ना. म्हने आई, इतके वर्सं अकोल्यात काढले, माह्यं काईच उरलं नाई तती. म्या म्हनलं, अशी कावून बोलतं वो? उरलं असन काई ना काई. उगाच म्हनलं म्या. मले काय समजते धानातलं?" ताट मांडीवर ओढून घेतलं. "पन खरं निंगालं ना माह्यं."

मी रडत होते. त्या नाही.

"तू तवाच आली असती त—" एवढंच म्हणाल्या. वाक्य पुरं केलं नाही. मग, "जेवून जा. उपाशी जाऊ नोको."

वरण-भात वाढला. आईंनी समोर बसून प्रत्येक घासाला पाहिलं.

६ ऑक्टोबर

झोपले. सलग आठ तास. प्रीतम म्हणतो एकही नंबर नाही.

१३ ऑक्टोबर

डोमाजींकडे गेले. धान पिवळा पडायला लागलाय, ओंब्या वाकल्यात. कडेला कोणी बसलेलं नव्हतं. मी मुद्दाम पाहिलं.

डोमाजींना म्हटलं, हा धान एका बाईंनी केला होता. ज्योत्स्नाताई नाव. आता नाहीत त्या. ते म्हणाले, "अरे! मंग पहिलं पोतं त्याइच्या घरी गेलं पाह्यजे. आमच्यात असंच राह्यते."

१९ ऑक्टोबर

दिवाळीच्या शुभेच्छांना दुर्गाबाईंचा फोन. धान देवघरात ठेवलाय. गल्लीत सगळ्यांना सांगितलं, ताईंच्या कॉलेजातल्या बाईंनाही सांगितलं. "पौर्णिमाबाई आल्त्या पाहाले. फोटो काढून नेला. कालेजात लावनार म्हने, खाली ज्योत्स्नाचं नाव टाकून." आवाज किती तरतरीत होता! "पुढच्या महिन्यात मले वावर दाखवाले ने," म्हणाल्या.

नेते म्हटलं.

२७ ऑक्टोबर, सोमवार

अहवाल आला.

सरांनी बोलावलं. कागद माझ्याकडे सरकवला. मी तीनदा वाचला.

शेतातला धान मूळ एक्केचाळीसशी जुळतो. पूर्ण. सत्तेचाळीसशी जुळत नाही.

"चूक असेल," मी म्हटलं.

"तीन नमुने होते वर्षाली. तिन्ही."

सर माझ्याकडे असे पाहत होते, जसं आजारी माणसाकडे पाहतात. "तू नवी होतीस. वादळ, ताप. माणसाला कधी कधी झालं नाही तेही आठवतं." चौकशीचं नाव काढलं नाही. म्हणाले, चार दिवस रजा घे.

डोमाजींच्या वावरात उभा आहे तो सरांचाच धान. पहिल्यापासून सरांचाच होता. सत्तेचाळीस खरंच मेला होता.

आणि मी मोर्शीला जाऊन त्या बाईंच्या ताटात काय ओतून आले!

२८ ऑक्टोबर

अंगठ्यावर वण आहे. हा पाहा. नालीकडची पाटी, एक्केचाळीस, वीट. मला वेड लागलेलं नाही.

पण मग पाट्या उलट्या असताना तक्ता बरोबर कसा?

३० ऑक्टोबर

दुर्गाबाईंचा फोन. उचलला नाही.

परत आला. उचलला नाही.

एकदा त्यांच्या मुलीचा धान मेला. आता मी परत मारायचा? कोणत्या तोंडाने? म्हणजे सात वर्षं मी ताईंची माफी मागत होते ती ज्यासाठी, ते घडलंच नाही. आणि जे काल-परवा घडलं, मी स्वतःच्या पायांनी जाऊन केलं, त्याची माफी मागायला जिभेवर शब्द नाही. मन हलकं करायला गेले होते मी. स्वतःचं.

दुपारी गॅलरीत कपडे वाळत घालताना खाली रस्त्यावर पोपटी स्कार्फ दिसला. गाडीवरून गेला. या वेळी तोंड उघडलं नाही. मान फिरवली. पहिल्यांदाच त्यांच्याकडे पाहायची लाज वाटली — इतकी वर्षं वाटत होती ती लाज नव्हतीच, भीती होती.

१ नोव्हेंबर, शनिवार

प्रीतम म्हणाला, "तू शनिवारी लावल्यास. गुण सोमवारी दिले. मधे एक दिवस होता ना?"

रविवार. विसर्जन. सुट्टी होती, कोणीच येत नाही.

तरी ऑफिसात गेले. रजेवर असून. जुनी हजेरीपुस्तकं मागच्या खोलीत, वाळवी लागलेली. सप्टेंबर २०१८ सापडलं. २३ तारीख — सगळ्या रकान्यांत सुट्टी. एक सोडून. पंपावरचा पहारा: देवमन.

देवमन म्हणजे आमचा सगळ्यांत जुना मजूर. वाफ्याला पाणी द्यायचं काम तोच करायचा. तीन वर्षांपूर्वी निवृत्त होऊन तेल्हाऱ्याकडे आपल्या गावी गेला. त्याच्या मुलाकडून नंबर मिळवला. लागत नाही. उद्या जाते.

२ नोव्हेंबर, रविवार

देवमनच्या ओट्यावर बसले आहे. तो चहा सांगायला आत गेलाय, तेवढ्यात लिहून घेते. त्याचेच शब्द, जसेच्या तसे:

"ज्योत्स्ना मॅडम आल्त्या ना इतवारी. एकट्याच. वाफ्यात वाकल्या, पानं पाह्यले अन् म्हने, देवमन, पोरीनं या दोन पाट्या उलट्या लावल्या. म्या म्हनलं, मॅडम, नालीकडचा तुमचा धान त वाळून रायला. राहू द्या ना पाट्या अशाच! उद्या तुमचाच निंगते पह्यला. त्याइनं आयकलंच नाई. दोन्ही उपटल्या, जागच्या जागी ठोकल्या. मंग जाता जाता म्हने, पोरीले सांगू नोको. थे रडत बसन."